तीन राजकोंबड्या आणि सोन्याचं कुंपण

एका राज्यात अंगदसेन नावाचा राजा होता, पद्मावळ नावाची राणी होती, नि त्यांच्या पोटी तीन लेकी होत्या. थोरली जाईली, मधली बकुळा, धाकटी पोवळी. इतक्या लाडाच्या की, चालल्या तर राजा म्हणे भुई टोचेल, बसल्या तर म्हणे ऊन लागेल.

एके दिवशी कवड्या मांत्रिकाचा कोंबडा बागेत शिरला नि मोगऱ्याच्या आळ्यात उकरू लागला. मुलींनी हसत हसत दगड मारले. कोंबड्याचा पाय मोडला. मांत्रिकाने त्याला काखेत घेतलं नि म्हणाला, "कोंबडीचा जीव काय असतो, ते होऊनच बघा."

तो बोलला, नि तिघी कोंबड्या झाल्या. जाईली पांढरी, बकुळा काळी, पोवळी तांबूस.

राणीने त्याचे पाय धरले. मांत्रिक म्हणाला, "बागेत हे डाळिंबाचं रोप लाव. पहिलं फळ पिकून उकललं की पोरी माणसांत येतील. पण तोवर एकीवरही कुंपणाबाहेर सूर्य मावळला, तर तिघी जन्माच्या कोंबड्या."

राजाने काय करावं? बागेत संगमरवर घातला. सकाळ-सांज गुलाबपाणी शिंपलं. चांदीच्या वाट्यांत सोललेले बदाम ठेवले, निजायला मखमली गाद्या. सेवकांना ताकीद दिली, "कोंबडी हा शब्द कोणी काढायचा नाही. राजकन्या म्हणायचं."

राजकन्यांनी बदामांना चोच लावली, गादीवर शीट केली, नि फडफड करून कुंपण ओलांडलं. दिवेलागणीच्या आधी सेनापती धावतोय, प्रधान धावतोय, राणी उघड्या डोक्याने धावतेय! सूर्य बुडता बुडता पोवळीला सेनापतीने आपल्या पागोट्यात घालून आणली.

राजाने कुंपण पुरुषभर उंच केलं. कोंबड्या झेपावून माथ्यावर बसल्या, तिथून पलीकडे. दोन पुरुष उंच केलं, माथा रुंद केला, वर सोन्याचा पत्रा जडवला. राजाचं कुंपण, शोभायला नको? तर त्या सोन्यावर तिघी रांगेत बसून पिसं विंचरू लागल्या.

राणी म्हणाली, "महाराज, भिंत कुठली? लेकींना पायरी बांधून दिलीत."

पुढे पुढे आणखी वाईट झालं. आधी नावाने हाक मारली की तिघी मान वळवत. आता पोवळी वळेना. राणी कुंपणाशी बसून रडू लागली. तिथे करवंदीच्या जाळीत एक भारद्वाज पक्षी होता. तांबडे पंख, गुंजेसारखे डोळे. तो म्हणाला, "बाई, रडण्याने कुंपण होत नाही. तीन कामं सांगतो. करशील?"

"करीन."

"कोंबडीला पाय टेकायला जागा दिसते, तिथेच ती झेप घेते. भिंत पाड. जाळं लाव, त्याचा माथा ढिला सोड."

राजा गरजला, "राजवाड्याला कोळ्याचं जाळं?"

"तुमच्या सोन्यावर बसूनच त्या पळतात," राणी म्हणाली. भिंत पडली, जाळं आलं. बकुळेने मान वर करून पाहिलं, लटलटतं जाळं पाहिलं, नि मुकाट बसली. पोवळीही बसली. जाईली मात्र सरळ वरून उडून गेली.

भारद्वाज म्हणाला, "पंखाची लांब पिसं कातर. पण एकाच पंखाची."

राजा म्हणाला, "दोन्ही काप. एक पंख तोकडा, शोभा जाईल."

भारद्वाज म्हणाला, "दोन्ही कापलेस तर तोल राहील राजा, नि तोल राहिला तर उडेल."

राणीने कातर घेतली नि विचारलं, "दुखेल का रे?"

"पुऱ्या वाढलेल्या पिसाला रक्त नसतं, बाई. नख कापतेस, तसंच. पुन्हा उगवेल."

राणीने लेकीला मांडीवर घेतलं, पदराने डोळे झाकले नि पिसं कातरली. जाईली उडायला गेली ती एका अंगावर कलंडली, नि आईला कॉक कॉक करून अशी बोल लावू लागली की सेनापतीने हसू दाबलं.

पण त्या आता फरशी संपते तिथे जाळ्याखालून उकरू लागल्या नि निसटू लागल्या.

भारद्वाज म्हणाला, "वाट अडवून झाली. आता मन राखायचं. कशासाठी जातात ते बघ, नि ते आत आण. हे काम मात्र बापाचं."

राणी मागोमाग गेली. कुंभाराच्या राखेच्या ढिगात पोवळी डोळे मिटून लोळत होती, सुखाने कुरकुरत होती.

तिने येऊन सांगितलं, तसा राजा म्हणाला, "माझ्या राजकन्या राखेत लोळणार?"

राणी म्हणाली, "राजकन्या म्हणून बदाम घातलेत. कोंबडी म्हणून एकदा तरी विचारलंत?"

राजाने मुकुट उतरवला, पहार घेतली नि आपल्या हाताने संगमरवर फोडला. खाली माती निघाली. तीत चुलीची राख मिसळली, निजायला आंब्याची फांदी आडवी बांधली. गुडघ्यांवर बसला, नि प्रथमच तो शब्द तोंडातून काढला, "या गं माझ्या कोंबड्यांनो. ती ती ती!"

पोवळी धावत आली, मातीत लोळली, नि सगळी धूळ बापाच्या दाढीवर उडवली. राजा हसला नि रडलाही.

डाळिंब लाल झालं. त्या सांजेला कवड्या शेवटची परीक्षा घ्यायला आला. पहिली फुंकर मारली, जाळं विरून गेलं. दुसरी मारली, कातरलेली पिसं लांब झाली. तिसरीने रस्ताभर जोंधळा सांडला.

राजा उठला. राणीने त्याचा हात धरला. "आता धरून ठेवायचं नाही. बघू या."

जाईली बाहेर गेली. दाणे टिपत टिपत वळणापर्यंत गेली. सूर्य डोंगराला टेकला. जाईलीने मान वाकडी करून आभाळ पाहिलं. मागे दोघी बहिणी मातीत शेवटचं लोळून घेत होत्या. समोर दाणा होता, मागे निजायची जागा होती. ती वळली, तुरुतुरु धावत आली नि फांदीवर चढली. बहिणी तिच्या शेजारी चढल्या. सूर्य बुडाला, नि डाळिंब उकललं.

फांदी कडकन मोडली! कोंबड्यांच्या जागी तीन तरण्या पोरी एकीवर एक पडल्या, केसांत राख, नाकाला माती.

कवड्या म्हणाला, "हरलो बाई." तिघींनी त्याचे पाय धरून क्षमा मागितली, नि त्याने ती दिली.

पुढे जाईली राज्यावर बसली. तिच्या राज्यात गरिबाची कोंबडीसुद्धा राजदरबारी दाद मागू शके. तिन्ही लेकींची घरं धान्याने नि लेकरांनी भरली, राजाराणी नातवंडांत म्हातारी झाली. त्यांचं घर नांदलं, तसं ऐकणाऱ्याचंही नांदो.