मथूचं गोडं पाणी

खाडीच्या मुखात तो वाळूचा दांडा बघा, आता नुसती पाठ दिसतेय त्याची. ओहोटी लागली आहे, थोड्या वेळात सगळा उघडा पडेल. त्याच्या मधोमध सुपाएवढा एक खळगा आहे. दिवसातून दोनदा समुद्र त्याच्यावरून जातो, पुरुषभर पाणी चढतं आणि ओहोटीला जाऊन बघावं तर खळग्यातलं पाणी गोडं. अमृतासारखं वगैरे नव्हे, मी उगाच वाढवून सांगत नाही. आपल्या विहिरीचं असतं तसं साधं, पिण्याजोगं. त्याला आम्ही मथूचं पाणी म्हणतो.

तोवर बसा इथं कातळावर. ताई, तुम्ही तीन दिवस माझ्यावर रागावून आहात, ते काय मला कळत नाही होय? चाफेवेळेहून किनाऱ्यानं निघाल्यापासून तुमची ईरा दमली की तुम्ही हात पुढे करायचात आणि मी, हा बाबल तांडेल, मध्ये पडायचो. तिला आमच्या सुनंदानं उचललं आणि सुनंदाचा वेदू तुमच्या कडेवर आला, शेंबडा आणि वजनाला चांगला दणकट. या वाटेवर आपलं मूल आपण उचलायचं नाही, एवढंच मी तुम्हाला सांगितलं होतं. का, ते याच जागी सांगायचं असतं.

फार मागची गोष्ट. चाफेवेळेत पटकीची साथ आली. एक घर सुटलं नाही, असं सांगतात. वर सड्यावरच्या, माळावरच्या गावांनी वाटांवर काट्यांची कुंपणं घातली आणि चाफेवेळेचं माणूस दिसलं की लांबूनच दगड. त्यांना तरी नावं कशी ठेवायची? पोरंबाळं त्यांनाही होती. मोकळा राहिला तो हा किनारा. ओल्या वाळूवर कुणाच्या गावाची हद्द चालत नाही.

वाडीत आवडाई नावाची एक बाई होती. नवरा साथीत गेलेला, पदरी एकच मुलगी, मथू. चार वर्षांची असेल. आवडाईचं माहेर इथं, या खाडीपलीकडे देवकोंडला. साथ इथवर पोचली नव्हती. मुलीला वाचवायचं तर माहेर गाठायचं, असं तिनं ठरवलं. ती निघाली तेव्हा शेजारच्या आजारी बायकांनी आपापली धडधाकट पोरं तिच्यापुढे उभी केली. चार पोरं, त्यातलं एक तर अंगावर पिणारं. आवडाईला नाही म्हणवलं नाही. उंबऱ्यात पडल्या पडल्या बघत असलेल्या त्या आयांना तिनं शब्द दिला, "तुमची पोरां आधी. माझां चेडू मागसून."

तान्हं पाठीशी झोळीत, एक कडेवर, दोन पदराला धरून आणि सगळ्यांच्या मागे मथू. तुम्ही चाललात तीच ही वाट. दुपारी वाळू तापली की पाण्याच्या कडेनं चालायचं, भूक लागली की खडकावरची कालवं फोडून पोरांच्या तोंडात घालायची. कुणी दयाळू माणूस गावाबाहेर पाण्याचं मडकं ठेवून लांब उभं राहायचं. वाटेत खाडी आली की आधी दुसऱ्यांची पोरं पलीकडे न्यायची आणि मग मथूला हाताला धरून. पोरं दमली की आवडाई एकाला उतरवायची, दुसऱ्याला घ्यायची. मथूचा नंबर कधी लागायचाच नाही. निघताना आईनं तिला सांगितलं होतं, घे म्हणून मागायचं नाही. म्हणे तिनं तीन दिवसांत एकदाही मागितलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती या खाडीवर आली. समोर माहेरची माडांची रांग दिसत होती. पाण्याचे इथं दोन पट्टे आहेत, अलीकडे एक, पलीकडे एक, मध्ये हा दांडा. पहिला पट्टा गुडघाभर होता. सगळी पोरं तिनं दांड्यावर आणली आणि तिथून दोन खेपांत दुसऱ्यांची चारही पोरं पलीकडच्या खडकावर नेऊन ठेवली. राहिली मथू.

इथं आवडाई चुकली. किनाऱ्यावर वाढलेली बाई, भरतीचं गणित तिला शिकवायला नको. पण घरात मरण शिरल्यापासून तिथी मोजायची राहून गेली होती. त्या दिवशी अमावास्या होती. अमावास्येची भरती कशी येते, ते तुम्ही काल पाहिलंत. ती मथूसाठी वळली तोवर पाणी छातीला लागलं होतं, मागे खडकाखाली लाटा आपटायला लागल्या होत्या आणि पोरं रडत होती. ती पुढे गेली असती आणि बुडाली असती, तर त्या चौघांना वर चढवायला कुणी नव्हतं.

ती पाण्यात उभी राहिली. किती वेळ, ते कुणी सांगत नाही. मग तिनं हाक दिली, "मथू, थंयच बस. हलू नको." आणि मागे फिरली.

पोरांना घेऊन ती पलीकडच्या कड्यावर चढली. तो समोर दिसतोय ना, तोच. तान्हं छातीशी धरून तिनं दांड्याकडे पाहिलं. मथू मांडी घालून बसली होती. दांडा दोन्ही टोकांनी बुडत आला. मग समुद्र पोरीपर्यंत आला आणि थांबला. लाट यायची, तिच्या पायाशी फुटायची आणि दोन्ही बाजूंनी निघून जायची. सगळीकडे पुरुषभर पाणी आणि मध्ये सुपाएवढी वाळू कोरडी. आवडाईनं देवाला हात जोडले नाहीत, नवस बोलली नाही. हातात दुसऱ्याचं मूल होतं. आणि असंही सांगतात, की आपल्या मुलीचं नाव आधी घ्यायचं नाही, हे ती समुद्रापुढेही विसरली नाही.

सूर्य कलला, पाणी उतरलं. आवडाई धावत दांड्यावर गेली. मथूनं बसल्या बसल्या बोटांनी वाळू उकरली होती आणि खळग्यात पाणी साचलं होतं. पोर तेच पिऊन राहिली होती. आईला पाहून ती उभी राहिली, दोन्ही हात वर केले आणि म्हणाली, "आये, आता माका घे."

पोरं सगळी जगली. चाफेवेळेतली तीन घरं त्यांचीच. चौथं आमचं, ते तान्ह्याचं. आवडाईनं पाण्यात पाऊल मागे घेतलं नसतं, तर हे सांगायला बाबल नसता. कातळाखालून झरा येतो, असं एकजण सांगून गेले. येत असेल, मी नाही म्हणत नाही. त्या दिवशी समुद्र का थांबला, ते मला माहीत नाही आणि माझ्या आजालाही माहीत नव्हतं.

वर पूल झाला, गाड्या आल्या. तरी आजही दर माघात आम्ही पोरं घेऊन तीन दिवस याच वाटेनं येतो आणि आजही इथपर्यंत कुणी आपलं मूल उचलत नाही.

चला, दांडा उघडा पडला. वेदूला सुनंदाकडे सोडा. ईराला खळग्यातलं पाणी पिऊ द्या, तुम्ही समोर उभ्या राहा. हात पुढे करू नका. ती आपण होऊन हात वर करील. मग घ्या.