सागवानी बोटं आणि खजिन्याचं दार

आपल्या राज्यात चित्रकारांना देवासारखा मान आहे, असं वैजयंता परमुलखात अभिमानानं सांगत असे. साता समुद्रांपलीकडे चित्रकला शिकून ती परतली, तेव्हा काशीआत्याचं घर तिच्या मनात होतं ते असं: दारी पालखी, घरी दासदासी, अंगणात राजाचा दूत ताटकळलेला. प्रत्यक्षात चूल गार होती. आढ्यापर्यंत शालींच्या चळती होत्या, कोपऱ्यात नारळांचा ढीग होता आणि आत्याच्या उजव्या हाताची तीन बोटं सागवानाची झाली होती.

“हे काय, आत्या?”

“शाप गं. चित्र दिलं की बोट जातं. पण मान केवढा! कालच महाराजांनी स्वहस्ते माझ्या खांद्यांवर शाल घातली.”

“आणि जेवलीस काय?”

“नारळ आहेत की.”

शाप जुना होता. राजाच्या पणजोबांनी मयसेन नावाच्या मांत्रिक चित्रकाराकडून खजिन्याच्या दारावर एक भारद्वाज पक्षी रंगवून घेतला आणि बदल्यात शाल-श्रीफळ दिलं. मयसेन म्हणाला, “या राज्यात चित्राचं खरं मोल कुणी मोठ्यानं सांगेपर्यंत आणि राजा ते मान्य करेपर्यंत हे दार उघडणार नाही. आणि मोलाविना चित्र देणाऱ्याचं एकेक बोट लाकूड होईल.” तेव्हापासून सोनं आत राहिलं आणि राज्य जेमतेम करांवर चाललं. चित्रकार मोल सांगायला लाजत. राजे विचारायला विसरत.

आता राजकन्येचं लग्न निघालं होतं. आत्यानं तिचं चित्र पुरं केलं होतं. ते दिलं की उरल्या दोन बोटांतलं एक जाणार होतं, आणि एका बोटात कुंचला धरता येत नाही.

वैजयंता तडक खजिन्यापाशी गेली. तिथं राजा मकरध्वज आणि त्याचा खजिनदार उभे होते. भारद्वाजानं दारावरच्या चित्रातून मान बाहेर काढली.

“तीनदा सांगता येईल. चुकलं की सांगणाऱ्याचं एक बोट जाईल. राजकन्येच्या चित्राचं मोल काय?”

“कलेला मोल नसतं!” वैजयंता आवेशानं म्हणाली. तिच्या गुरुकुलाच्या कमानीवर हेच कोरलेलं होतं. तिची करंगळी सागवानी झाली.

“हेच तर इथं सगळे म्हणतात,” भारद्वाज म्हणाला. “पुन्हा सांग.”

“लाख मोहरा!” ती संतापून ओरडली. करंगळीशेजारचं बोटही गेलं.

“ते तुझ्या रागाचं मोल. चित्राचं सांग.”

खजिनदार हसला. “आणि हेच चित्र गंजिफांच्या पत्त्यांवर छापून जत्रेत विकायचं आहे. तेवढाच आत्याबाईंचा मान वाढेल.”

वैजयंता घरी परतली आणि आत्यापुढं बसली. “चित्र कसं केलंस, ते पहिल्यापासून सांग.”

“नीळ, हिंगूळ, सोन्याचा वर्ख. वर्खासाठी बांगडी विकली. राजकन्येनं चारदा नथ बदलायला लावली. अख्खा हिवाळा त्यात गेला. त्याआधी पावसाळाभर कामच नव्हतं.”

“पण भूक होती.”

“ती कुठं जाते?”

वैजयंतानं कोळशानं भिंतीवर बेरीज मांडली आणि आत्याला घेऊन ती पुन्हा दारापाशी गेली.

“छप्पन्न मोहरा,” ती म्हणाली. “रंग आणि वर्खाच्या आठ. हिवाळ्याच्या कष्टाच्या तीस, राजवाड्याच्या सुताराला मिळते त्याच दरानं. बिनकामाच्या पावसाळ्याच्या पंधरा, कारण काम नसताना हात जपावा लागतो. नथीचा पहिला बदल फुकट, पुढच्या तिन्हीला एकेक मोहर. आणि छापायचा हक्क चित्रासोबत विकलेला नाही. गंजिफा विकल्यात, तर दर जोडामागं किमतीचा दहावा हिस्सा आत्याचा.”

“पोरी, सरस्वतीला बाजारात बसवतेस?” खजिनदार गरजला.

“नाही. जेवायला बसवते.”

आत्यानं तिचा पदर ओढला. “पाच कमी कर गं. महाराज आहेत ते.”

दार करकरत आणखी घट्ट मिटलं.

“छप्पन्न,” वैजयंता म्हणाली.

राजानं भारद्वाजाकडे पाहिलं. “पणजोबांनी विचारायला हवं होतं,” तो म्हणाला. “मान्य.”

दार उघडलं. भारद्वाज उडून गेला. राज्यातल्या साऱ्या चित्रकारांची बोटं हाडामांसाची झाली आणि आत्याच्या घरी त्या दिवशी वरणभात शिजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक व्यापारी वैजयंताकडे आला.

“माझ्या घोड्याचं चित्र हवं. तुम्ही काढलेलं. काय घ्याल?”

आत्यासाठी ती खणखणीत बोलली होती. स्वतःच्या चित्राचं मोल सांगताना मात्र ‘द्या तुमच्या मनाला येईल ते’ हे शब्द अगदी ओठांवर आले. तिनं ते गिळले, मनात हिशेब केला आणि म्हणाली, “एकोणीस मोहरा.”

व्यापारी काही बोलेना. तो नुसता छताकडे बघत राहिला. पंधरा म्हणावं, असं तिला फार वाटलं.

तेव्हा तिनं ठरवलं: मोल एकदाच सांगायचं, आणि समोरचा बोलेपर्यंत आपण गप्प बसायचं.

ती गप्प बसली.