सदोबा आणि साऱ्या मुलखाचे मास्तर

एका गावात सदोबा नावाचा एक भोळा गडी होता. सांगाल ते करायचा, हाच त्याचा गुण आणि हेच त्याचं दुखणं. तिशी उलटली तरी लग्न जमेना. शेवटी शेजारच्या वाडीचे कोंडिबा मुलगी द्यायला तयार झाले, पण म्हणाले, "आधी कायमची नोकरी मिळवून दाखवा."

नोकरी लागली तालुक्याच्या इंग्रजी शिकवणाऱ्या शाळेत, शिपायाची, आठवडाभराच्या बोलीवर. तिथले मास्तर साऱ्या मुलखातून गोळा केलेले. एक विलायतेचा, एक केरळचा, एक बाई सिक्कीमची. जो तो आपापल्या रीतीनं भेटायचा. मुख्याध्यापिका रेगेबाईंनी बजावलं, "सदोबा, शनिवारी तपासनीस येणार. ते खूश झाले तर तू कायम. तोवर कुणाचा अपमान करू नकोस."

"व्हय बाई."

सोमवारी विलायतेचे हॅरिससाहेब भेटले. त्यांनी हसून हात पुढे केला. सदोबाला वाटलं, बिचाऱ्याला भूक लागली असेल. त्यानं हातावर मूठभर शेंगदाणे ठेवले. साहेबांनी ते खाल्ले, पण बाई चिडल्या. "अरे, पुढे आलेला हात धरून हलवायचा!"

"आता न्हाई चुकायचो."

मंगळवारी केरळचे कुट्टीसर प्रेमानं त्याच्यासाठी कॉफी घेऊन आले. कडकडीत. सरांचा हात पुढे आला, सदोबानं धरला आणि चिंच झोडावी तसा हलवला. सरांचं पांढरंशुभ्र धोतर तपकिरी झालं. सर मल्याळममध्ये बरंच काही बोलले. ते सदोबाला कळलं नाही, हे बरंच झालं.

"अक्कल गहाण टाकलीस का?" बाई ओरडल्या. "हातात काही असलं तर आधी ते काढून घ्यायचं आणि टेबलावर ठेवायचं!"

"व्हय बाई."

बुधवारी सिक्कीमच्या डोल्माबाई दोन्ही हातांवर पांढरं रेशमी वस्त्र घेऊन आल्या. नव्या माणसाच्या गळ्यात ते घालायची त्यांच्याकडे रीत. सदोबानं ते काढून घेतलं आणि टेबलावर ठेवलं. टेबलावर शाई सांडली होती. डोल्माबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून सदोबाही रडला.

रेगेबाईंनी कपाळावर हात मारला. "दोन्ही हातांनी कुणी काही घेऊन आलं, की मान वाकवायची आणि गळ्यात घालून घ्यायचं!"

पुढचे दोन दिवस त्याच्याजवळ कुणी फिरकलंच नाही.

शनिवारी तपासनीससाहेब आले. शाळेपुढच्या मंडपात पहिल्याच रांगेत कोंडिबा मुलीला होणारा नवरा दाखवायला घेऊन बसले होते. रेगेबाई दोन्ही हातांत हार आणि शाल घेऊन साहेबांकडे निघाल्या. सदोबा धावत मध्ये शिरला आणि त्यानं मान वाकवली. हार त्याच्या गळ्यात, शाल त्याच्या खांद्यावर. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

बाईंना घाम फुटला. त्या दात खाऊन पुटपुटल्या, "मेल्या, अंगावरचं सगळं काढ आणि साहेबांना घाल!"

सदोबानं हार काढून साहेबांना घातला. शाल पांघरली. बाईंचा जीव भांड्यात पडला. मग सदोबानं आपली टोपी साहेबांच्या डोक्यावर चढवली. सदरा काढला आणि तो साहेबांच्या डोक्यावरून खाली ओढला. साहेब आतून ओरडू लागले, तोवर सदोबानं धोतर सोडून त्यांच्या कमरेला गुंडाळलंसुद्धा. कोंडिबा मुलीच्या डोळ्यांवर हात ठेवून तिला मंडपाबाहेर घेऊन गेले.

सदोबा लाजून रेगेबाईंच्या कानाशी लागला. "बाई, चड्डी तेवढी माझ्याकडंच ऱ्हाऊ द्या. समोर बायामाणसं हायती."