ठकूमावशीने गाडीसाठी ठेवलेला नारळ

घाटाच्या पायथ्याला एक बाजारगाव होतं. तिथे रोहिदास नावाचा मंडपवाला राहायचा. लग्न असो, बारसं असो, मंडप रोहिदासचाच. पडकी भिंत असली तरी पडदा ओढून, चार माळा सोडून अशी झाकायचा की बघणाऱ्याने वा म्हणावं. गड्याच्या हाताला कला होती, नाही कसं म्हणू? पण झाकायची सवय लागली की माणूस काय काय झाकायला लागतो, तेच सांगायचंय.

रोहिदासची आई हौसाबाई. तिची थोरली बहीण ठकूमावशी वर घाटमाथ्यावरच्या वाडीत एकटी राहायची. दोघींचे गुडघे गेलेले, वाडीला एसटी नाही, त्यामुळे भेट काय ती फोनवर. रोहिदासच्या घरात पूर्वीपासून एक रीत होती. वासरू येवो, सून येवो, शिलाई मशीन येवो, नवं काही दारात आलं की ओवाळायचं ते ठकूमावशीने. तिचा नवरा वारला तेव्हा लोक कुजबुजले, की आता विधवेच्या हातून कसं ओवाळायचं? हौसाबाईने सगळ्यांना गप्प केलं. "माझ्या घरचं माझी आक्काच ओवाळणार," म्हणाली.

रोहिदास लहानपणापासून सांगायचा, "आई, गाडी घेतली ना, की पहिली तुला मावशीच्या दारात नेतो."

आणि खरंच गाडी आली. पांढरीशुभ्र, गिअरची. शोरूमच्या माणसानेच घरापर्यंत आणून लावली. शेजारणी ताट घेऊन आल्या तर हौसाबाईने त्यांना हात जोडले. मावशीला फोन लागला. तिकडून मावशी म्हणाली, "रोह्या, कुणाला ओवाळू देऊ नको बरं का. नारळ आणून ठेवलाय मी. कधी येताय?"

"हे काय, हात बसला की आलोच," रोहिदास म्हणाला.

हात बसवायला तो नलूताईंच्या ड्रायव्हिंग क्लासला जाऊ लागला. आधी गाडी बेडकासारख्या उड्या मारायची. क्लच सोडला की बंद, सोडला की बंद. मग हळूहळू जमलं. सपाट मैदानात पहिला, दुसरा, तिसरा गिअर पडायला लागला, तसा गडी हवेत. नलूताई म्हणाल्या, "आता चढावर थांबवून गाडी उठवायला शिका. तुम्हाला घाट चढायचाय ना?"

"ते काय, जमेल वेळेवर," असं म्हणून त्याने क्लास सोडला.

एका सकाळी हौसाबाईने ठेवणीतलं लुगडं नेसलं. आक्काला आवडतात म्हणून कुरडया बांधून घेतल्या. माय-लेक निघाले. घाटाच्या पहिल्याच वळणावर पुढे दुधाचा टेम्पो थांबला. रोहिदासने ब्रेक दाबला, आणि झालं! गाडी काही उठेना. क्लच सोडला की बंद पडायची, ब्रेक सोडला की मागे घसरायची. मागे हॉर्नवर हॉर्न. कुणीतरी ओरडलं, "अहो गाडीवाले, खाली उतरून ढकला आता!" सगळे हसले. शेवटी मागच्याच एका ड्रायव्हरने गाडी वळवून दिली आणि ती घरी आली.

"आई, गाडीचं थोडं काम राहिलंय," तो मान खाली घालून म्हणाला.

"बरं," हौसाबाई म्हणाली. कुरडया तिने परत डब्यात ठेवल्या.

आता सरळ नलूताईंकडे जावं की नाही? एक-दोन सकाळींचं काम. पण गावात सांगून बसला होता की गाडी आपल्याला झकास येते. परत क्लासला कुठल्या तोंडाने जायचं? त्याऐवजी तो गेला गाडी सजवणाऱ्या गॅरेजात. रुंद टायर बसवले. काचांना काळी फिल्म लावली. खालून निळे दिवे सोडले. हॉर्न असा बसवला की डोंगराने ओ द्यावी. शेवटी स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवून घेतली, अगदी जमिनीला टेकेल अशी. रस्त्यात नलूताई भेटल्या. "अहो, घाटमाथ्यावर रस्ता दगडांचा आहे. पोट घासेल गाडीचं," म्हणाल्या. रोहिदास नुसता हसला.

कारण चौकात गाडीचं काय कौतुक! चौक सपाट, रस्ता गुळगुळीत. रोज संध्याकाळी तो दोन चकरा मारायचा आणि पोरं मोबाइल काढून फोटो घ्यायची. कुणाला म्हणून कळायचं नाही की या माणसाला चढावर गाडी उठवता येत नाही. पडदा छान बसला होता.

घरात मात्र हौसाबाई विचारायची, "झालं का रे काम?"

"सीट कव्हर यायचीत अजून."

एकदा ती म्हणाली, "नाहीतर भाड्याची जीप करून जाऊन येऊ या का? आक्काचा आवाज बरा नाही वाटत."

"दारात एवढी गाडी असताना भाड्याची जीप? लोक काय म्हणतील, आई!"

म्हातारीने तरी काय करावं? पोरगा हौशी, आणि आपणच त्याला हौसेने वाढवलेला.

मग एक दिवस वाडीतल्या शेजारणीचा, सखूबाईचा फोन आला. "ठकूबाईंनी अंथरूण धरलंय. सारखं विचारतात, गाडी आली का?"

रोहिदासची लाजबीज सगळी गळून पडली. तसाच धावत तो नलूताईंकडे गेला आणि रडवेला होऊन म्हणाला, "ताई, मला चढावर गाडी उठवता येत नाही. शिकवा." त्या बाईंनी एका शब्दाने टोचलं नाही. चढावर नेलं आणि शिकवलं. हँडब्रेक ओढा, क्लच हळू सोडा, गाडी थरथरली की हँडब्रेक खाली. जेवणवेळेपर्यंत जमलं. एवढंच होतं हो ते! एवढ्यासाठी किती दिवस घालवले त्याने.

दुपारी माय-लेक निघाले. त्याच वळणावर गाड्या थांबल्या. रोहिदासने हँडब्रेक ओढला, क्लच सोडला आणि गाडी अलगद वर निघाली. हौसाबाईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "शहाणं माझं बाळ," म्हणाली. घाट संपला. समोर माळावर वाडीची घरं दिसली. रोहिदासने आनंदाने हॉर्न दाबला. सगळा माळ घुमला.

आणि पुढच्याच उंचवट्यावर गाडीचं पोट दगडावर बसलं. खाडकन आवाज झाला. ऑइलचा चेंबर फुटला आणि काळं तेल मातीत वाहायला लागलं. गाडी पुढे सरकेना, मागेही हटेना. आधीच्या उंचीची असती तर हा दगड कळलासुद्धा नसता. आसपास चिटपाखरू नव्हतं. ज्या आईला गाडीत बसवून न्यायचं, तिला त्याने पाठीवर घेतलं आणि माळ तुडवत निघाला. धापा टाकत, मध्ये मध्ये टेकत, रडत.

पोचले तेव्हा दारात बाया बसल्या होत्या.

सखूबाई उठून आली. हौसाबाईचा हात धरून म्हणाली, "घटकाभर झालं गं त्यांना जाऊन. हॉर्न ऐकला तशा हसल्या. म्हणाल्या, माझी हौसा आली, ताट काढ. मी निरांजन लावलं. उशीला टेकवून बसवलं त्यांना. दाराकडे बघत होत्या. किती वेळ बघत होत्या. वात संपली आणि मग मान टाकली."

रोहिदास उंबऱ्यातच बसला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला.

ताटात हळदकुंकू होतं, विझलेलं निरांजन होतं आणि तो नारळ. हौसाबाईने नारळ उचलून कानाशी हलवला. आतलं पाणी केव्हाच आटलं होतं. खोबऱ्याचा गोटा होऊन खुडखुड वाजत होता.

"आक्का," ती म्हणाली, "पाणी आटेपर्यंत वाट बघितलीस गं माझी."

पुढे रोहिदासने गाडी पहिल्यासारखी उंच करून घेतली. दिवे काढले, तो हॉर्न काढला. आता तो कुठलाही घाट आरामात चढतो. वर्षश्राद्धाला आईला वाडीला नेऊनही आणलं. पण ती गाडी आजपर्यंत कुणी ओवाळलेली नाही. शेजारणी एकदा विचारायला आल्या, तर हौसाबाई म्हणाली, "राहू द्या बायांनो. जिने ओवाळायची, तिने ताट लावलं होतं. आम्हीच पोचलो नाही."

तात्पर्य: येत नाही ते येत नाही म्हणावं आणि लगेच शिकावं, चार लोकांत शोभा राखायला जो ते झाकत बसतो, त्याची शोभा राहते, पण वाट बघणारं माणूस राहत नाही.