पुढच्या चाकाची बढती

घाटात अजून डांबर पोहोचलं नव्हतं, त्या काळी कोंडाजी ढेब्यांकडे एक जुनी पिकअप होती. इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकांना मिळे. पुढच्या उजव्या चाकाला मात्र वाटे, गाडी आपणच चालवतो. गाडी चिखलात रुतली की ते मागे वळून ओरडे, "अरे, हलवा की अंग!"

शेवटी यासीन मिस्त्रीने मोडीतल्या जीपचा ॲक्सल पुढे बसवला आणि चारही चाकांना इंजिनाचा जोर जोडून दिला. पुढचं चाक फुगलं. बढतीच मिळाली म्हणा ना!

त्याच पावसाळ्यात कोंडाजींच्या सुनेला कळा सुरू झाल्या. तिला दवाखान्यात नेताना गाडी चढावर अडकली.

"थांबू नका, मामंजी," सून कण्हत म्हणाली. कोंडाजींनी पुढच्या चाकांना जोर देणारा नवा दांडा ओढला.

पुढच्या चाकाला घामच फुटला. "हे काय? आमचं काम वळायचं. ढकलायचं तुम्ही!"

"हे चिखलाला कोण सांगणार?" मागचं चाक म्हणालं. "फिरा आता."

कुरकुरत, तोंडावर चिखल उडवून घेत पुढचं चाक फिरलं. चारही चाकांनी मिळून गाडी वर काढली. दवाखान्यात पोचताच सुनेला मुलगी झाली.

दारातल्या रुग्णवाहिकेच्या चाकाने विचारलं, "एवढा चढ कसा चढलात?"

"त्यात काय! मीच चढवली गाडी."

"आणि मागची ती दोघं?"

"ती होय?" पुढचं चाक म्हणालं. "ती नुसती माझ्या मागून येतात. कुठेही जा, पाठ सोडत नाहीत."