साळिंदरानं वाढवलेली शेगडी

डोंगराच्या उतरणीला, करवंदीच्या दाट जाळीखाली एका साळिंदराचं बीळ होतं. बिळात ते आणि त्याची म्हातारी आई अशी दोघंच राहत असत. वयामुळे आईचे बरेचसे काटे झडून गेले होते, त्यामुळे तिला थंडी फार वाजायची. दिवाळी सरली की बिळाच्या मधोमध शेगडी पेटायची ती पार शिमग्यापर्यंत. विस्तव यायचा अस्वलाच्या भट्टीवरून. रोज सकाळी लागतील तेवढे निखारे आणायचे आणि पौर्णिमेला अस्वल दारात आलं, की एका निखाऱ्याला एक ओंजळ या हिशेबानं बोरं द्यायची. तुमच्या घरी विजेचं बिल येतं आणि ते पाहून कुणीतरी घरभर दिवे बंद करत सुटतं ना, अगदी तसाच प्रकार त्या रानातही होता.

एका पौर्णिमेला अस्वलानं दोन टोपल्या बोरं नेली आणि साळिंदराचा जीव खालीवर झाला.

"दोन टोपल्या! आई, अगं बोरं आपण खायची की शेगडीत घालायची?"

आई म्हणाली, "अरे, ऊब आपल्याला मिळते कुठे? सगळी त्या मागच्या भोकातून निघून जाते. तेवढं बुजव. निम्म्या निखाऱ्यांत भागेल बघ."

"आणि बिबट्या आला तर पळायचं कुठून?"

"माती कुठे लिंपायला सांगतेय मी? गवताची पेंढी लाव. पळायची वेळ आलीच तर डोक्यानं ढकलायची नि निघायचं. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"बघू," साळिंदर म्हणालं.

मुलांनो, या 'बघू'वर माझा फार राग आहे. धड नाही म्हणायचं नाही आणि करायचं तर मुळीच नाही! साळिंदरानं पेंढी काही आणली नाही. त्याला त्याहून सोपी युक्ती सुचली. गवत कापायला अंग मोडावं लागतं, निखारे कमी आणायला काहीच करावं लागत नाही. पाचाचे चार झाले, चाराचे तीन, आणि पौष लागेपर्यंत शेगडीत दोनच निखारे उरले. मागच्या भोकातून वारा आपला सुखानं आत येत होता. आई शेगडीच्या आणखी जवळ सरकून बसायला लागली.

शेजारी एक घूस राहायची. तोंडाची फटकळ, पण मनानं चांगली. ती एकदा म्हणाली, "अरे मेल्या, म्हातारीचे ओठ बघ कसे निळे पडलेत! कसली ही काटकसर?"

"तुला नाही कळायचं," साळिंदर म्हणालं. "या पौर्णिमेला माझी एकच टोपली जाणार आहे."

आता त्या घरातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही. आपण देवापुढे नारळ फोडला असं म्हणत नाही, वाढवला म्हणतो. बांगडी फुटली तरी आजी म्हणते, वाढवली. अशुभ शब्द तोंडात नको म्हणून. तसं साळिंदराच्या घरात विस्तव 'विझव' असं कुणी कधी म्हणत नसे. 'शेगडी वाढव' म्हटलं, की निखाऱ्यांवर पाणी शिंपडायचं. आणि विस्तव मोठा करायचा असला, तर 'फुलव' म्हणायचं. आईनंच त्याला लहानपणी हे शिकवलं होतं.

पौषातल्या एका सकाळी धुकं इतकं उतरलं, की समोरची करवंदीची जाळीसुद्धा दिसेना. साळिंदर बाहेर निघालं होतं. आई अंगाची गुंडाळी करून कोपऱ्यात पडली होती. तिचे दात कडकड वाजत होते. तशातच ती पुटपुटली, "शेगडी... शेगडी वाढव रे जरा."

साळिंदर थबकलं. त्यानं आईकडे पाहिलं. मग शेगडीतल्या दोन निखाऱ्यांकडे पाहिलं. निखारे विझवून ठेवले तर कोळसे उद्याला होतील, उद्या एकच आणला तरी चालेल, असं त्याच्या मनात आलं. त्यानं पाण्याचा हबका मारला. चर्रर्र आवाज झाला. "वाढवली गं आई," असं म्हणून ते चालतं झालं.

मी विचारतो, थंडीनं कुडकुडणारी म्हातारी कधी विस्तव विझवायला सांगेल का? साळिंदराला हे कळत नव्हतं? कळत होतं! पण एका शब्दाचे दोन अर्थ होते आणि त्यातला एक त्याच्या फायद्याचा होता. त्यानं तोच ऐकला.

पाणवठ्यावर ते दुपारपर्यंत बसलं. सशाला, भेकराला, जो भेटेल त्याला आपली काटकसर सांगत राहिलं. घरी आलं तेव्हा बिळात घूस होती. तिनं आपल्या घरचा विस्तव आणला होता आणि ती म्हातारीचे पाय चोळत होती.

"शेगडी कुणी विझवली?" घूस कडाडली.

साळिंदर मान खाली घालून दारातच उभं राहिलं. तेवढ्यात आईच बोलली, अगदी हळू आवाजात.

"त्याला रागावू नकोस गं. मीच म्हटलं, वाढव म्हणून. फुलव म्हणायला हवं होतं, माझंच चुकलं. तो गुणाचा आहे, सांगितलेलं ऐकतो."

साळिंदर तिच्या पायांवर पडून रडलं. "आई, मला कळलं होतं गं! मला कळलं होतं!" पण ते तिच्या कानापर्यंत गेलं की नाही, देव जाणे. दिवस कलायच्या आत म्हातारी गेली.

दुसऱ्या दिवशी साळिंदरानं गवत कापलं, पेंढी बांधली आणि मागच्या भोकाला लावली. उन्हं डोक्यावर यायच्या आत काम झालं. मग त्यानं एक निखारा आणून शेगडीत ठेवला. एकच! त्यावर सगळं बीळ ऊबदार झालं, पार आईच्या कोपऱ्यापर्यंत. साळिंदराला आत बसवेना. ते बाहेर धुक्यात जाऊन बसलं.

पौर्णिमेला अस्वल आलं. त्याला बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं. "वा!" ते म्हणालं, "या खेपेला तुझी जेमतेम एक टोपली. काटकसर शिकावी तर तुझ्याकडून."

साळिंदरानं घरातली सगळी बोरं त्याच्यापुढे आणून ओतली.

"अरे, एवढी कशाची?"

"एक निखारा द्या," साळिंदर म्हणालं, "त्या सकाळचा."

अस्वलाला काहीच उमगलं नाही. त्यानं आपल्या हिशेबाची टोपली भरली आणि उरलेली बोरं तिथेच ठेवून ते निघून गेलं.

तात्पर्य : घराचा खर्च कमी करायचा असेल, तर आधी ऊब वाया जाते ते भोक बुजवा, घरच्यांच्या वाट्याची ऊब काढून जे उरतं, त्याला बचत म्हणत नाहीत. आणि कुडकुडणाऱ्याचं बोलणं आपल्या सोयीनं ऐकू नका, कारण 'मला खरा अर्थ कळला होता' हे नंतर ज्याला सांगायचं, ते माणूसच राहत नाही.