एवढा हंगाम जाऊ दे

माणसाने रानात वाट पाडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. कोळसुंद्यांची, म्हणजे रानकुत्र्यांची, एक टोळी होती. तांबरू तिचा म्होरक्या. त्याने शीळ घातली की सगळे शिकारीला निघायचे. पिल्लांच्या राखणीला आळीपाळीने एकजण मागे राहायचा. म्हाताऱ्यांचं मात्र ज्याचं त्याने बघायचं.

झिपरीची आई आंधळी झाली. झिपरी तांबरूला म्हणाली, "दादा, म्हाताऱ्यांपाशीही आळीपाळीने कुणी थांबू दे ना. मला शिकारीला येताच येत नाही."

"खरंय तुझं," तांबरू म्हणाला. "एवढा हंगाम जाऊ दे, मग बसून ठरवू."

हंगाम गेले, पण बसणं काही झालं नाही. तोवर कुणाचा बाप लंगडा झाला, कुणाच्या मावशीचे दात पडले आणि एकेकजण घरीच राहू लागला.

एका सकाळी ओढ्यापलीकडे सांबर दिसलं. तांबरूने शीळ घातली. झुडपाझुडपांतून एकच उत्तर आलं, "येऊ कसा? इथे कोण थांबणार?"

सगळ्या म्हाताऱ्यांना मिळून एकजण पुरला असता, हे तांबरूला तेव्हा उमगलं. तो एकटाच धावला.

सांबराने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा चरायला लागलं.